सामाईक विहिरीचा खटला आणि पडताळणीचा फॉर्म: एक प्रकरण अभ्यास

२०२५ मध्ये बोरी नदीकाठच्या एका गावातला पंचविशीतला मुलगा सरकारी नोकरीच्या निवड यादीत आला. पुढची पायरी चारित्र्य पडताळणीची. साक्षांकन नमुन्यातला एक रकाना त्याला अडला: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय, अटक झाली होती काय, खटला प्रलंबित आहे काय, शिक्षा किंवा दोषमुक्ती झाली आहे काय, असल्यास तपशील द्या. २०१९ मध्ये भाऊबंदकीतल्या एका मारामारीत तो आरोपी होता. तो खटला २०२२ साली लोकअदालतीत मिटला होता.

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने न्यायालयाच्या संकेतस्थळावर मुलाचं नाव टाकलं आणि निघालं ते छापून दिलं. सोबत अर्थही सांगितला. तुझ्या नावावर दोन केसेस आहेत. ‘डिस्पोज्ड, अनकन्टेस्टेड’ म्हणजे तू लढला नाहीस, गुन्हा कबूल केलास. आणि कलम ३२५ म्हणजे जनावर मारल्याचा गुन्हा. त्यापेक्षा सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा हो.

यातलं एकही खरं नव्हतं, आणि शेवटचा सल्ला तर नोकरी घालवणारा होता. मी तालुका न्यायालयात फौजदारी बाजूचं काम करतो. बाप-लेक तो छापील कागद घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा वडिलांचा प्रश्न साधा होता: “केस ते मिटी गयथी ना वकीलसाहेब? मंग हाई काय लिखेल शे?” त्यांच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देण्यासाठी खटल्याचं अख्खं दप्तर उघडावं लागलं. ते कसं वाचलं, ते इथे सविस्तर मांडतो. गाव, पोलीस ठाणं आणि खटल्याचे नंबर मुद्दाम दिलेले नाहीत.

घटना

२०१८ चा पाऊस कमी झालेला, त्यामुळे २०१९ च्या जूनच्या सुरुवातीला विहिरीला जेमतेम पाणी. बागायती कपाशीची लागवड तोंडावर. विहीर दोन घरांत सामाईक, मोटर कुणी किती तास चालवायची याच्या पाळ्या ठरलेल्या. एका पहाटे पाळी मोडली, स्टार्टरचे फ्यूज काढले गेले, शिवीगाळ झाली, दांडका निघाला. मुलाच्या चुलत काकांच्या करंगळीचं हाड मोडलं. ते फिर्यादी झाले. आरोपी क्र. १ मुलाचे थोरले काका, क्र. २ त्या काकांचा मुलगा, क्र. ३ हा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती ‘जबर दुखापत’ होते. म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ३२५ लागलं, सोबत ३२३, ५०४, ५०६ आणि समान उद्देशाचं ३४. नुसते ३२३, ५०४, ५०६ असते तर गुन्हा अदखलपात्र राहिला असता. एका करंगळीने प्रकरण दखलपात्र केलं.

एकाच भांडणाचे अनेक नंबर

वडिलांनी सहा वर्षं एक चिठ्ठी जपून ठेवली होती. त्यांच्या समजुतीने तो खटल्याचा नंबर. तो नंबर टाकून शोधलं की संकेतस्थळावर काहीच येत नव्हतं, म्हणून ‘आपली केस रेकॉर्डलाच नाही’ असं घरात पक्कं झालं होतं. चिठ्ठी पाहिली तर ती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीची होती. भांडणाच्या संध्याकाळी थोरले काकाही पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. समोरच्यांनी शिव्या दिल्या, चापटा मारल्या, अशी त्यांची तक्रार. ती अदखलपात्र म्हणून नोंदली गेली आणि तिची प्रत त्यांच्या हाती पडली. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तो आदेश कुणी मागितला नाही आणि ती नोंद तिथेच थांबली. त्या चिठ्ठीचा आणि मुलावरच्या खटल्याचा संबंध एवढाच की दोन्ही एकाच दिवसाचे.

फिर्यादीच्या तक्रारीवरून जो गुन्हा दाखल झाला त्याला मिळाला गु.र.नं., म्हणजे पोलीस ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरचा नंबर. दर वर्षी तो एकपासून सुरू होतो. त्यामुळे ठाण्याचं नाव आणि साल जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तपास संपल्यावर दोषारोपपत्र न्यायालयात गेलं. छाननी होऊन खटला नोंदला गेला तेव्हा आर.सी.सी. नंबर मिळाला, म्हणजे नियमित फौजदारी खटला, आणि त्याचं साल पडलं २०२०. घटना २०१९ ची, गुन्हा २०१९ चा, खटला २०२० चा. लोक इथे हमखास चुकतात आणि एका भांडणाच्या दोन केसेस मोजतात. शिवाय संकेतस्थळावर फाइलिंग नंबर वेगळा, नोंदणी नंबर वेगळा, आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर आणखी वेगळा. सीएनआरचा उपयोग मोठा आहे: तो देशभरात त्या एकाच खटल्याचा असतो, महाराष्ट्रातला ‘एमएच’ने सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे सालाचे असतात.

दुसरी केस कुठून आली? नावावरून शोध घेतल्यामुळे. खान्देशात एकाच तालुक्यात एकाच नाव-आडनावाची चार माणसं सहज निघतात. छापील कागदावरचा दुसरा खटला एस.सी.सी. होता, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२(अ) खालचा. त्यातल्या आरोपीच्या वडिलांचं नाव वेगळं, गाव वेगळं. संकेतस्थळावर पोलीस ठाणं, गु.र.नं. आणि साल टाकून शोधण्याची सोय आहे. तसं शोधलं आणि एकच खटला समोर आला. नावावरून शोधणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

पण हा जुगाराचा खटला एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवा. त्याच्याही पुढे ‘डिस्पोज्ड, अनकन्टेस्टेड’ असंच लिहिलेलं होतं. त्या माणसाने गुन्हा कबूल करून दंड भरला होता. म्हणजे एकीकडे कबुली आणि दंड, दुसरीकडे तडजोड आणि सुटका, आणि पडद्यावर दोघांसमोर तोच शब्द. ‘डिस्पोज्ड’ म्हणजे निकाली, न्यायालयाच्या यादीतून खटला कमी झाला. ‘अनकन्टेस्टेड’ म्हणजे पूर्ण साक्षीपुरावा, युक्तिवाद होऊन निकाल लागलेला नाही, वाट दुसरी होती. हे वर्गीकरण खटला कोणत्या मार्गाने संपला ते सांगतं. आरोपीचं काय झालं ते फक्त आदेशात असतं. पुढे एक छोटा शब्द असतो, तडजोड, कबुली, किंवा आणखी काही. दुकानदाराने मोबाइलवरून काढलेल्या छापील प्रतीत तो कडेला कापला गेला होता. त्या कापलेल्या शब्दामुळे हे घर चार दिवस जेवलं नाही, असं मुलाच्या आईने नंतर सांगितलं.

कलम ३२५ चं भूत

जनावर मारल्याची गोष्टही अशीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. आकडे बदलले. न्याय संहितेत ३२५ हे खरोखरच जनावर मारणं किंवा निकामी करणं याचं कलम आहे. जबर दुखापतीचं जुनं ३२५ आता ११७(२) झालं, साध्या दुखापतीचं ३२३ आता ११५(२), ५०४ चं ३५२, ५०६ चं ३५१ आणि ३४ चं ३(५). पण हा गुन्हा २०१९ चा आहे. तो जुन्याच संहितेखालचा राहतो, त्याची कलमं नव्यात बदलून लिहायची नसतात. फॉर्ममध्ये कलम लिहिताना ‘भा.दं.सं.’ ही अक्षरं आधी हवीतच. ती गाळली तर वाचणारा अधिकारीही मोबाइलवर तेच शोधणार आणि त्यालाही जनावरच दिसणार.

प्रक्रियेच्या कलमांतही हाच धोका आहे. जुन्या प्रक्रिया संहितेतलं २५८ म्हणजे समन्स खटल्यात कार्यवाही थांबवणं, नव्या सुरक्षा संहितेतलं २५८ म्हणजे सत्र खटल्यातला दोषमुक्तीचा किंवा दोषसिद्धीचा निकाल. नुसत्या आकड्यावर कधीच विसंबू नये.

दप्तरात काय निघालं

नक्कल विभागात अर्ज दिला: रोजनामा, दोषारोपपत्राचा पहिला भाग, अटकेचा फॉर्म, तडजोडीची पुरसीस आणि अंतिम आदेश, यांच्या प्रमाणित नकला. निकाली खटल्यांची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीपर्यंतच जपली जातात, नंतर नष्ट होतात. ज्यांचा खटला संपला आहे त्यांनी आदेशाची प्रमाणित नक्कल आजच काढून घरात ठेवावी, हे मी प्रत्येक पक्षकाराला आवर्जून सांगतो.

पहिला धक्का अटकेच्या फॉर्मने दिला. मुलगा शपथेवर सांगत होता की त्याला अटक झालीच नाही, “ठाण्यात बोलावलं, सह्या घेतल्या, संध्याकाळी घरी.” त्याच्या आठवणीत अटक म्हणजे कोठडी. कागदावर मात्र तारीख, वेळ आणि त्याची सही असलेला अटकेचा फॉर्म होता, आणि त्याच दिवशी जामिनावर सोडल्याची नोंद. ३२५ जामिनपात्र आहे, त्यामुळे ठाण्यातच जामीन झाला होता. ‘अटक झाली होती काय’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘होय’ होतं. त्याने भाबडेपणाने ‘नाही’ लिहिलं असतं तर ती लपवाछपवी ठरली असती.

रोजनामा हा खटल्याचा दिवसागणिक हिशेब. कोण हजर, कोण गैरहजर, कोणता अर्ज आला, पुढची तारीख कशासाठी. इथे तारखांच्या मधे करोनाची मोठी पोकळी होती. अर्जांना आणि कागदांना क्रमाने निशाणी पडते. ‘निशाणी १ खालील आदेश’ असं वाचलं की समजायचं, आदेश मूळ प्रकरणावर झाला आहे, एखाद्या मधल्या अर्जावर नाही. २०२१ मध्ये दोन महत्त्वाच्या नोंदी. एक, आरोपी क्र. १ म्हणजे थोरले काका वारले, मृत्यूचा दाखला आला आणि त्यांच्यापुरता खटला संपुष्टात आला. वकिलांच्या तोंडी ‘अबेट झाला’. तो दोषाचाही निर्णय नव्हे आणि निर्दोषपणाचाही. दोन, राहिलेल्या दोघांवर दोषारोप निश्चित झाला. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात, दोषारोप न्यायालय निश्चित करतं. फॉर्ममध्ये ‘दोषारोप निश्चित झाला आहे काय’ असं विचारलं असेल तर त्याचं उत्तर या रोजनाम्यात सापडतं, दोषारोपपत्राच्या तारखेत नाही.

२०२२ मध्ये पुरसीस आली. पुरसीस म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला लेखी कळवलेलं म्हणणं. ‘गावातील ज्येष्ठांच्या मध्यस्थीने वाद मिटला आहे, विहिरीच्या पाळ्या लिहून घेतल्या आहेत, मला आरोपींविरुद्ध खटला चालवायचा नाही’ असा तिचा मजकूर, खाली फिर्यादीची सही. ३२३, ५०४, ५०६ मध्ये फिर्यादी स्वतः मिटवू शकतो. ३२५ मध्ये मात्र न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती दिल्याचं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. हे मी आवर्जून पाहिलं. परवानगीचं वाक्य नसतं तर उद्या कुणीही बोट ठेवलं असतं.

आदेशाचा शेवटचा भाग चार वाक्यांचा होता. त्यातल्या दोन वाक्यांनी वडील घाबरले होते, म्हणून ती जशीच्या तशी घेतो.

‘आरोपी क्र. २ व ३ यांची जामीनपत्रे रद्द करण्यात येत आहेत.’ वडिलांनी वाचलं: जामीन रद्द. म्हणजे पोरगा केव्हाही आत. खरा अर्थ नेमका उलटा आहे. खटला संपल्यावर आरोपीला तारखेला हजर करण्याची जामीनदाराची जबाबदारी संपते, म्हणून जामीनपत्र रद्द होतं. खटला चालू असताना आरोपीचा जामीन रद्द होणं आणि खटल्याच्या शेवटी जामीनपत्र रद्द होणं, यांत दोन टोकांचं अंतर आहे. पहिल्यात माणूस तुरुंगात जातो, दुसऱ्यात जामीनदार मोकळा होतो.

‘मुद्देमाल, लाकडी दांडका, अपील मुदतीनंतर नष्ट करण्यात यावा.’ यावरून त्यांना वाटलं की अपील चालू आहे. अपील कुणी केलेलं नव्हतं. वस्तू लगेच नष्ट करू नये म्हणून जवळपास प्रत्येक निकालात लिहिलं जाणारं ते ठरलेलं वाक्य.

आणि ज्या वाक्यावर सगळं अवलंबून होतं ते पहिलंच होतं: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२०(८) अन्वये आरोपी क्र. २ व ३ यांना दोषमुक्त करण्यात येत आहे. ३२०(८) सांगतं की कायद्याने तडजोड झाली की तिचा परिणाम दोषमुक्तीचाच. ‘नुसतं मिटलं, सुटला नाही’ हे जे चावडीवर बोललं जातं, त्याला कायद्यात आधार नाही.

‘दोषमुक्त’ हा शब्द वर्तमानपत्रं दोन वेगळ्या गोष्टींना लावतात, म्हणून शब्दाशेजारचं कलम बघावं. जुन्या संहितेच्या २२७, २३९, २४५ खाली आरोपी सुटला असेल तर पूर्ण खटला चाललाच नाही, दोषारोपाआधीच तो वगळला गेला. नवं सबळ कारण निघालं तर ते प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. २४८(१) किंवा २५५(१) खाली सुटला असेल तर तो पूर्ण निकाल, अपिलात फिरला नाही तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. ३२०(८) या दुसऱ्या गटाच्या बरोबरीने बसतं. आणि खटला न्यायालयात न चालता पोलिसांनीच समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली असती तर भाषा आणखी वेगळी असती. आपल्याकडे ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. यातली कोणतीही समरी दंडाधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय अंतिम नसते.

फॉर्म आणि पुढे

एक अडचण अजून बाकी होती. पोलीस ठाण्याच्या नोंदीत या गुन्ह्यापुढे ‘न्यायप्रविष्ट’ असंच होतं. न्यायालयाचा निकाल तिथे चढलाच नव्हता. अशा रिकाम्या रकान्यामुळे पोरांच्या नोकऱ्या लटकतात आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो, याचा मला मनापासून राग येतो. मुलाने आदेशाची प्रमाणित नक्कल जोडून ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पडताळणी अहवाल जाण्याआधी नोंद दुरुस्त झाली.

‘नाही’ लिहायचं की ‘होय’, यावर घरात अजूनही दोन मतं होती. मोठा चुलतभाऊ म्हणत होता, मिटलेलं मढं कशाला उकरायचं. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल सांगितला. पडताळणीत उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, दडवल्याबद्दलही नियुक्ती जाऊ शकते. किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल तर नियुक्ती करणारा ते माफ करू शकतो, पण तो त्याचा विवेक. सोबत दुसरी बाजूही लपवली नाही: तडजोडीतून आलेली दोषमुक्ती असली तरी, विशेषतः पोलीस दलासारख्या सेवेत, उमेदवार योग्य आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याकडे राहतो. म्हणजे खरं लिहिल्याने नोकरी पक्की होत नाही. खोटं लिहिल्याने मात्र मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

शेवटी रकान्यात लिहिलं ते असं: ‘होय. पोलीस ठाणे अमुक, गु.र.नं. अमुक/२०१९, भा.दं.सं. कलम ३२५, ३२३, ५०४, ५०६ सह ३४. अमुक तारखेस अटक, त्याच दिवशी जामिनावर मुक्त. आर.सी.सी. अमुक/२०२०. दोषारोप निश्चित झाला होता. अमुक तारखेच्या आदेशाने फौ.प्र.सं. कलम ३२०(८) अन्वये दोषमुक्त. अपील प्रलंबित नाही. इतर कोणताही गुन्हा अगर खटला नाही. आदेशाची प्रमाणित नक्कल सोबत.’ ‘तडजोड झाली’, ‘केस मिटली’, ‘खोटी केस होती’ यातलं काहीही लिहू दिलं नाही. फॉर्म वाचणाऱ्याला भांडणाची कहाणी नको असते. त्याला ठाणं, साल, कलम आणि आदेश जुळवून पाहायचे असतात.

नियुक्ती करणाऱ्या कार्यालयाकडून नंतर एकच विचारणा आली, नावावर दिसणाऱ्या जुगाराच्या खटल्याची. वडिलांचं नाव आणि गाव वेगळं असल्याचं दाखवणारी त्या खटल्याच्या माहितीची प्रत आणि मुलाचं प्रतिज्ञापत्र असं उत्तर गेलं. काही आठवड्यांनी त्याला रुजू होण्याचं पत्र आलं.

मिटलेलं मढं उकरू नका म्हणणारा मोठा चुलतभाऊ, म्हणजे आरोपी क्र. २, गेल्या महिन्यात स्वतःच आला. त्याला पासपोर्ट काढायचा आहे आणि तिथेही खटला प्रलंबित आहे का, हे विचारलेलं आहे. त्याच आदेशाच्या दुसऱ्या नकलेचा अर्ज त्याच्या नावाने दिला आहे.